चुंबकांचा कानापर्यंतचा प्रवास

प्लेनर हेडफोन तसा जुना. यामाहाने १९७६ मध्ये आणलेल्या एचपी-१ला मारिओ बेलिनी या इटालियन डिझायनरने रूप दिले होते. त्यातला पडदा म्हणजे अतिपातळ फिल्म. तिच्यावर धातूच्या वाहक रेषा आणि दोन्ही बाजूंना चुंबक. वीज खेळली की जवळजवळ सगळा पडदा एकदम हलतो. तालवाद्याची थाप म्हणूनच सुटी, स्वच्छ ऐकू येते.

पण एवढे चुंबक कानात बसवायचे कसे?

अमेरिकेतल्या ऑडिझीने २०१६ मध्ये आयसाइन हा इअरफोन आणून उत्तर दिले, तेही अर्धेच. ३० मिलिमीटरचा ड्रायव्हर, म्हणजे पडदा आणि चुंबकांचा संच, कानाबाहेरच राहिला, आधाराला आकडा. पाठ उघडी, म्हणून आवाज ऐसपैस. मात्र गर्दीच्या गाडीत हे यंत्र कुचकामी, सगळा कलकलाट आत. साध्या वायरवर त्याचा स्वर जरा चमत्कारिकच लागे. आयफोनसाठीच्या सायफर केबलमधली डिजिटल दुरुस्ती तो सावरून घेई.

बाजार हलवला तो २०२१ मध्ये, चीनच्या सेव्हनहर्ट्झच्या टाइमलेस इअरफोनने. १४.२ मिलिमीटरचा ड्रायव्हर, किंमत सुमारे २२० डॉलर. खर्ज घट्ट, बारकावे भरपूर; तार सप्तकातली धार काहींना टोचली. लहान कानांना ते गोल, चपटे कवचही अडचणीचेच. पाठोपाठ लेटशुअरचा एस१२ आला: ड्रायव्हर १४.८ मिलिमीटरचा, किंमत त्याहून कमी.