आधी हवा, मग बटण

लालबागच्या पुलावर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो: घोड्याच्या नालासारखी आकृती, मध्ये उद्गारचिन्ह. टायरमधली हवा उतरलीये.

या दिव्यामागे माणसांचे जीव गेलेत. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने अमेरिकेत सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. टायर फाटून गाड्या उलटत होत्या. त्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि पुढे नव्या गाड्यांना हा दिवा सक्तीचा झाला. भारतात २०२० च्या नियमाने ट्यूबलेस टायर, ही यंत्रणा आणि पंक्चरचं किट असेल, तर स्टेपनीतून सूट दिली. म्हणजे भिस्त दिव्यावरच.

पण अमेरिकी नियमात हवा २५ टक्के उतरली की दिवा लागणं बंधनकारक. ३२ ची २४ होईपर्यंत तो गप्प राहू शकतो. शिवाय अनेक गाड्यांत टायरमध्ये सेन्सरच नसतो. कंट्रोल युनिट चाकांच्या फिरण्याच्या वेगावरून अंदाज बांधतं. हवा न भरता रिसेट दाबलं, तर ते कमी हवेलाच बरोबर मानतं. दिवा विझतो, धोका तसाच.

म्हणून परळ असो वा दादर, पंक्चरवाल्याचा गेज आधी. थंड टायरमध्ये हवा भरा, मगच बटण दाबा.