गेडीसचा मनोरा आणि आमची खिडकी

ज्ञानाच्या अखंड वस्त्राचे निरनिराळ्या शास्त्रांत तुकडे पाडणें ही आधुनिक विद्यापीठांची एक सोय आहे. परंतु सोयीचा पुढें धर्म बनतो आणि मग ते तुकडे जोडण्याकरितां नवा अभ्यासक्रम काढावा लागतो. आमच्या महाविद्यालयांतील ‘पर्यावरण’ हा विषय अशाच जोडकामांतून निर्माण झाला. नदी कशानें नासली हें रसायनशास्त्र सांगेल. ती नासविण्यांत कोणाचा लाभ झाला हें अर्थशास्त्र सांगेल. आणि तिला नासूं द्यावें कीं नाहीं हें नीति व कायदा यांनीं सांगावयाचें. हें जोडकाम अगदीं अलीकडचें असा पुष्कळांचा समज आहे. मुंबई विद्यापीठाचा इतिहास मात्र निराळें सांगतो.

१९१९ सालीं या विद्यापीठानें समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचा विभाग काढून पॅट्रिक गेडीस या स्कॉच पंडितांस प्राध्यापक नेमलें. गेडीस मूळचे जीवशास्त्रज्ञ, हक्स्ले यांचे शिष्य. तरुणपणीं मेक्सिकोंत असतां त्यांची दृष्टि कांहीं काळ गेली, आणि सूक्ष्मदर्शक यंत्राचें काम त्यांस पुढें झेपेना. तेव्हां त्यांनीं आपली नजर हळूहळू शहराकडे वळविली. झाड जसें मातीपासून तोडून समजत नाहीं, तसा माणूसही स्थळापासून व धंद्यापासून तोडून समजत नाहीं, असें ते मानीत. ‘स्थळ, काम, लोक’ ही त्रयी त्यांनीं ल प्ले या फ्रेंच समाजशास्त्रज्ञापासून घेतली.

एडिंबरोंत १८९२ सालीं त्यांनीं एक जुना मनोरा ताब्यांत घेतला. तेथें येणाऱ्यास आधीं थेट माथ्यावर नेऊन खालीं पसरलेलें शहर डोळे भरून पाहावयास लावीत. मग एकेक मजला उतरतां एडिंबरो, स्कॉटलंड, युरोप, आणि सर्वांत शेवटीं तळाशीं जग! प्रथम दृष्टि, मागाहून शास्त्र, असा हा क्रम होता.

होळकरांच्या इंदुरांत त्यांनीं हाच क्रम पाळला. प्लेगनें गांजलेल्या त्या नगरींत त्यांनीं आधीं गल्ल्या पायांखालीं घातल्या. दिवाळीची मिरवणूक जी आळी सर्वांत स्वच्छ असेल तीमधून काढूं, असें जाहीर करून त्यांनीं घरोघर केरसुण्या चालत्या केल्या, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. १९१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंदूर-अहवालांत नदी, गटार, बाग आणि नियोजित विद्यापीठ हे सारे एकाच प्रश्नाचे भाग म्हणून येतात.

१९२४ सालीं गेडीस मुंबई सोडून गेले. त्यांचें व्याख्यान तोंडांतल्या तोंडांत चाले आणि विचार एका ठिकाणीं ठरत नसे. तेव्हां त्यांची परंपरा रुजली नाहीं याचा सर्व दोष विद्यापीठाच्या माथीं मारणें न्यायाचें नव्हे. त्यांच्या मागून आलेल्या डॉ. घुर्ये यांनीं विभागास कीर्ति मिळवून दिली, ती मुख्यतः जाति व संस्कृति यांच्या अभ्यासानें. नगर पायांनीं वाचण्याची विद्या मात्र मागें पडली.

पुढें तिला बोलावणें आलें तें न्यायासनाकडून. सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं पर्यावरण-शिक्षण आवश्यक ठरविलें व २००३ सालीं तें पुन्हा बजावलें. विद्यापीठ अनुदान आयोगानें सर्व शाखांच्या पदवी-विद्यार्थ्यांसाठीं सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम आंखून दिला. हेतु उदात्त, यांत शंका नाहीं. पण सक्तीनें पुस्तक उघडतां येतें. डोळे उघडतां येत नाहींत.

हें आम्ही परक्यावर ठपका ठेवण्यासाठीं लिहीत नाहीं. आम्हीं स्वतः हा विषय शिकविला आहे. आमच्या वर्गामागून एक ओढा वाहतो. ‘जलप्रदूषणाचीं कारणें’ आम्ही फळ्यावर लिहीत होतों, त्या दिवशीं दुर्गंधीमुळें एका विद्यार्थ्यानें उठून खिडकी लावून घेतली, आणि आम्हीं त्यास धन्यवाद दिले! उत्तरपत्रिकांत सर्व कारणें क्रमवार आलीं. ओढ्याचें नांव एकांतही आलें नाहीं.

शास्त्रें एका पुस्तकांत शेजारीं शेजारीं बांधल्यानें एक होत नाहींत. एखाद्या खऱ्या ओढ्याच्या कांठीं तीं आपोआप एकत्र येतात. मनोरा उभारणें आमच्या आवाक्याबाहेरचें असेल. खिडकी उघडणें तर आमच्याच हातीं होतें.