चौलला उतरलेला घोडा

रेवदंड्याला गेलात तर किनारा आणि आगरकोट पाहून लगेच परत फिरू नका. तिथे एका शाळेच्या आवारात एका रशियन माणसाचं स्मारक आहे. अफनासी निकितीन हे त्याचं नाव. वास्को द गामा कालिकतला पोचला 1498 मध्ये. हा व्यापारी त्याच्या सुमारे तीस वर्षं आधी चौलच्या बंदरात उतरला, तोही एक घोडा घेऊन.

भारतात यायचं त्याच्या डोक्यातही नव्हतं. मॉस्कोच्या वायव्येला असलेल्या त्वेर शहरातून तो माल घेऊन व्होल्गा नदीने निघाला, तो कॅस्पियनकडच्या व्यापारासाठी. आस्त्राखानजवळ तातारांनी त्याला लुटलं. माल गेला, सोबतची पुस्तकंही गेली. पुढे समुद्रात वादळ झालं, एक गलबत किनाऱ्यावर आपटलं आणि त्यातली माणसं कैद झाली. मग जे उरले त्यांनी आपापला रस्ता धरला. ज्यांचं रशियात काही होतं ते घरी परतले, ज्यांच्या डोक्यावर कर्ज होतं ते वाट फुटेल तिकडे गेले, असं तो लिहितो. तो स्वतः दुसऱ्या गटातला.

बाकूहून कॅस्पियन ओलांडून तो इराणात शिरला. तिथून काशान, नाईन, यज्द, सिरजान, लार असा दक्षिणेकडे हुर्मुझपर्यंतचा रस्ता. नकाशा उघडून बघा : यातली सुरुवातीची गावं दश्त-ए-कवीर या खाऱ्या वाळवंटाच्या कडेकडेने आहेत. यज्दसारखी शहरं जगत होती ती डोंगरापासून जमिनीखालून खणत आणलेल्या पाण्याच्या कालव्यांवर. तिथे वाट चुकणं म्हणजे पाणी चुकणं. एकट्या माणसाचं ते काम नव्हे; तांड्यासोबत जायचं, तांडा जमेपर्यंत थांबायचं. निकितीनच्या वहीत या भागात वर्णन जवळजवळ नाहीच. गावाचं नाव आणि ‘इथे एक महिना राहिलो’, बस्स. आपण एका ट्रेकवर दोनशे फोटो काढतो! हुर्मुझला पोचल्यावर मात्र तो ऊन माणसाला भाजून काढतं, हे नोंदवतो.

तिथून घोडे वाहणाऱ्या गलबतातून तो चौलला आला. बहमनी राज्यात चांगल्या घोड्याला भारी किंमत मिळे. त्याने शंभर रूबल मोजून घोडा घेतला होता. इथे घोड्यांना हरभरा आणि तूप-साखर घालून शिजवलेली खिचडी देतात, हे पाहून तो चकित झाला. (त्या घोड्यांचा हेवा वाटतो खरा.) त्याची गोरी कातडी बघायला लोक मागे लागत, तेही त्याने लिहून ठेवलंय.

चौलहून पाली आठ दिवस. ही आपली बल्लाळेश्वराची पाली असं मानलं जातं. आज गाडीने दोन-अडीच तास. पुढे घाट चढून जुन्नर. आता वाळवंट नव्हतं, चार महिन्यांचा पाऊस आणि चिखल होता. आणि जुन्नरच्या असदखानाने तो घोडाच काढून घेतला. मुसलमान हो, घोडा परत देतो, वर हजार सोन्याची नाणी देतो. नाहीतर दोन्ही जप्त. मुदत चार दिवसांची. खोरासानहून आलेल्या खोजा मुहम्मद नावाच्या माणसाने रदबदली केली म्हणून धर्म आणि घोडा दोन्ही वाचले.

वाचले, पण पूर्ण नाही. पुस्तकं लुटली गेल्यापासून त्याच्याकडे सणवारांचा हिशेब उरला नव्हता. ईस्टर कधी, उपास कधी, सगळा अंदाज. शेवटी आजूबाजूचे मुसलमान उपास करत तेव्हा तोही करू लागला. त्याच्या वहीतल्या प्रार्थनांत तुर्की, फारसी, अरबी शब्द मिसळत गेले. ऊन, तहान यांच्याबद्दल फारसं न लिहिणारा हा माणूस या एका गोष्टीवर पुन्हा पुन्हा येतो, स्वतःला दोष देतो.

घोडा त्याने बिदरला विकला. मग दाभोळहून समुद्रमार्गे, पुन्हा इराण आणि काळा समुद्र ओलांडून तो परत निघाला. स्मोलेन्स्कच्या अलीकडे, घर काही दिवसांवर असताना, वाटेतच वारला. वही मात्र 1475 मध्ये मॉस्कोला पोचली.