मैदानातल्या जिन्याला वळण कसे आले

आजच्या फुटबॉल स्टेडियममधला जिना एका दमात खाली उतरत नाही. काही पायऱ्या झाल्या की सपाट टप्पा येतो, वाट वळते आणि मग पुढच्या पायऱ्या लागतात. दोन्ही बाजूंना हाताला गज मिळतो, पायरीची कड वेगळ्या रंगात उठून दिसते. या गोष्टींचा माग काढत गेले तर ब्रिटनमध्ये तो स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरात, आयब्रॉक्स मैदानाच्या तेरा क्रमांकाच्या जिन्यापाशी पोचतो. तो जिना सरळ होता.

तो सरळ का होता, याचे उत्तर एका आधीच्या अपघातात आहे. रेंजर्स क्लबचे हे मैदान 1899 च्या अखेरीस सुरू झाले. आराखडा आर्चिबाल्ड लीच या ग्लासगोच्याच अभियंत्याचा होता. 5 एप्रिल 1902 रोजी स्कॉटलंड आणि इंग्लंड यांचा सामना चालू असताना प्रेक्षकांच्या पायांखालच्या लाकडी फळ्या मोडल्या आणि माणसे सांगाड्यातून खाली कोसळली. 25 जण दगावले, पाचशेहून अधिक जखमी झाले. त्यानंतर उंच सांगाड्यावरच्या फळ्यांवरचा विश्वास उडाला. मातीचे भक्कम भराव घालून त्यांच्या आतल्या उतारावर उभ्याने सामना पाहण्याच्या पायऱ्या करण्याची पद्धत रूढ झाली. लीचने पुढे ब्रिटनमधली अनेक मैदाने घडवली.

भराव कोसळत नाही, हे खरे. पण भरावाचे मैदान वाडग्यासारखे असते. सामना संपला की प्रेक्षकाने आधी आतून काठापर्यंत चढायचे आणि मग बाहेरच्या उतारावरून रस्त्यावर यायचे. बाहेरचा जिना त्या उतारालाच टेकवलेला असे. म्हणून तो लांब, उभट आणि सरळ. काठावर पोचलेल्या माणसाच्या मागे हजारोंचा लोंढा आणि पुढे नुसता उतार, अशी ही रचना होती.

तेरा क्रमांकाचा जिना मैदानाच्या ईशान्य कोपऱ्यात होता. कोपलंड रोडचे भुयारी रेल्वेचे स्थानक त्याच बाजूला असल्यामुळे गर्दी तिकडेच वळे. दोन्ही कडांना मजबूत लाकडी कुंपण होते आणि मध्ये पोलादी नळ्यांचे कठडे घालून उतरण्याच्या रांगा पाडल्या होत्या. 16 सप्टेंबर 1961 रोजी तिथला एक कठडा तुटला आणि दोन माणसे चिरडून मेली. क्लबने पुढच्या काही वर्षांत मैदानाच्या सुधारणांवर सुमारे दीड लाख पौंड खर्च केले. तरीही 1967 मध्ये त्याच जिन्यावर आठ जण जखमी झाले आणि 1969 मध्ये वीसहून अधिक. कठडा तुटला म्हणजे कठडा कच्चा, असा अर्थ घेतला गेला. तो तुटण्याइतका दाब आला कुठून, हा प्रश्न मागे राहिला. या कुळकथेतली सर्वांत महागात पडलेली चूक तीच.

2 जानेवारी 1971 रोजी रेंजर्स आणि सेल्टिक या ग्लासगोच्या दोन जुन्या प्रतिस्पर्ध्यांचा सामना होता. प्रेक्षक सुमारे 80,000. अगदी शेवटी सेल्टिकच्या जिमी जॉन्स्टनने गोल केला आणि काही क्षणांतच रेंजर्सच्या कॉलिन स्टाइनने बरोबरी साधली. सामना संपल्यावर तेरा क्रमांकाच्या जिन्यावर 66 जणांचा जीव गेला. त्यांत शाळकरी मुलेही होती.

बरोबरीचा जल्लोष ऐकून बाहेर पडलेले लोक उलटे वर चढू लागले आणि खाली उतरणाऱ्यांशी त्यांची टक्कर झाली, अशी कहाणी वर्षानुवर्षे सांगितली गेली. चौकशीत ती टिकली नाही. सगळे एकाच दिशेने, खाली उतरत होते. कुणीतरी अडखळून पडले, त्यावर मागचे पडले आणि वरून येणारा लोंढा थांबला नाही. कारण वरच्यांना खाली काय झाले ते दिसतच नव्हते. बहुतेकांचा मृत्यू गुदमरून झाला. छाती फुगायला जागा उरली नाही की माणूस उभ्याउभ्याही गुदमरतो. कडेचे कुंपण आणि मधले कठडे यांमुळे बाजूला सरकण्याची वाट उरली नव्हती. 1961 मध्ये कठडा मोडल्याने माणसे मेली होती. या वेळी न मोडणाऱ्या कुंपणाने त्यांना आत धरून ठेवले.

अशा घटनेला इंग्रजीत स्टँपीड हा जो शब्द वापरतात तो मुळात उधळलेल्या गुरांसाठीचा आहे. त्यात दोष पळणाऱ्यांवर जातो. मराठीतला चेंगराचेंगरी हा शब्द अधिक न्याय्य आहे, कारण तो पळण्याविषयी काही म्हणत नाही, फक्त दाबाविषयी म्हणतो. तेराव्या जिन्यावर कुणी उधळले नव्हते. माणसे घरी निघाली होती.

या दुर्घटनेनंतर मैदानांतल्या सुरक्षिततेवर न्यायाधीश लॉर्ड व्हीटली यांचा अहवाल 1972 मध्ये आला. 1973 मध्ये मैदानांच्या सुरक्षिततेची सरकारी मार्गदर्शिका निघाली. तिला पुढे ग्रीन गाइड हे नाव पडले. 1975 च्या कायद्याने मोठ्या मैदानांना स्थानिक प्रशासनाचे सुरक्षा प्रमाणपत्र घेणे बंधनकारक केले. दरम्यान 1974 मध्ये नुकसानभरपाईच्या दाव्यात न्यायालयाने क्लबला दोषी धरले होते.

मार्गदर्शिकेने विचाराची दिशा बदलली. किती मजबूत याच्या आधी किती माणसे, हा प्रश्न आला. पायऱ्यांवरून दर मिनिटाला, दर मीटर रुंदीमागे 66 माणसे उतरू शकतात, असा अंदाज अलीकडच्या आवृत्त्यांत धरला आहे. सपाट वाटेवर 82. बाहेर पडायला जास्तीत जास्त आठ मिनिटे. म्हणजे 1.2 मीटर रुंद जिन्यावरून त्या वेळात जेमतेम 630 जण जातील. हिशेब शाळेतल्या त्रैराशिकासारखा सोपा आहे, पण त्याने मैदानाची क्षमताच ठरते: जिने कमी असतील तर तिकिटेही कमी. जिन्यावर त्याला झेपेल त्याहून जास्त माणसे येऊच नयेत म्हणून गर्दी वरच्या तोंडाशीच आवरायची, हे तत्त्वही यातलेच. वळणाचे कामही तेच. इंग्लंडच्या इमारतींच्या नियमांत सलग 36 हून अधिक पायऱ्या असतील तर वाटेत निदान 30 अंशांचे वळण हवे, असे सांगितले आहे. वळणावर पाऊल मंदावते आणि वरून पडलेला माणूस थेट तळापर्यंत जात नाही.

आयब्रॉक्सचे भराव 1978 पासून हटवले गेले. प्रशिक्षक राहिलेले विली वॉडेल यांनी जर्मनीतले डॉर्टमुंडचे स्टेडियम नमुना म्हणून पाहिले होते. 1981 पर्यंत तीन नवे स्वतंत्र, बैठकीचे स्टँड उभे राहिले. प्रेक्षक आता काठावरून नव्हे, तर बैठकांच्या पोटातून बाहेर येऊ लागला. ही युक्ती नवी नव्हती. रोमच्या कोलोसियममध्ये बैठकांखालच्या वाटा आणि क्रमांक कोरलेल्या कमानी एकोणीसशे वर्षांपूर्वीच होत्या.

हे सगळे धडधाकट पायांच्या प्रेक्षकाला धरून चालले होते. वृद्ध, मंद दृष्टीचे, कुबडी घेऊन किंवा व्हीलचेअरवर येणारे या हिशेबात उशिरा आले. ब्रिटनमध्ये 1995 चा अपंगांविरुद्धच्या भेदभावाला मनाई करणारा कायदा आणि 2003 ची सुगम स्टेडियमविषयीची मार्गदर्शिका यांनी ते घडवले. 40,000 बैठकांच्या नव्या मैदानात व्हीलचेअरच्या किमान 210 जागा, त्याही पुढचे लोक उठून उभे राहिले तरी खेळ दिसेल इतक्या उंचीवर, अशी शिफारस तिच्यात आहे. व्हीलचेअरच्या वाटेचा उतार शक्यतो 1:20 असावा, 1:12 हून उभट तर नसावाच.

खुद्द जिन्यातले बदल लहान, पण नेमके आहेत. धरायचा गज पहिल्या पायरीच्या अलीकडे आणि शेवटच्या पायरीच्या पलीकडे सुमारे 300 मिलिमीटर पुढे येतो, त्यामुळे ज्याला पायरी दिसत नाही त्याच्या हाताला ती आधी कळते. पायरीच्या कडेचा उठावदार पट्टा मावळत्या उजेडात उतरणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडतो. बैठकांमधल्या उभट वाटेच्या मधोमध गज बसवताना त्यात ठरावीक अंतरावर खंड ठेवतात, म्हणजे कुणी अडकले तर पलीकडे जाता येते. आणि ज्यांना जिना उतरताच येत नाही, त्यांच्यासाठी आगीपासून सुरक्षित थांबण्याची जागा आणि संकटातही चालू राहील अशी लिफ्ट आराखड्यातच धरली जाते.