आवाजाला वाट मिळाली तेव्हा

दूर देशीच्या अनोळखी गड्याशी खेळता खेळता बोलता येणे, यात आज कुणाला नवल वाटत नाही. पण गेमिंग कन्सोलवर हा आवाज पोहोचवण्यासाठी जी खटपट झाली, ती सांगण्यासारखी आहे.

सेगा कंपनीचे ड्रीमकास्ट 1999 साली अमेरिकेत आले, ते पोटात मोडेम घेऊनच. त्याचा वेग 56 केबीपीएस, म्हणजे सेकंदाला 56 हजार बिट, आणि तोही फक्त माहिती उतरवताना. वर पाठवताना फार तर 33.6. आता साध्या टेलिफोनचा हिशेब पाहा. सेकंदाला आवाजाचे 8000 नमुने, प्रत्येकी 8 बिट, म्हणजे 64 केबीपीएस. एका माणसाचा आवाजही त्या वाटेत जसाच्या तसा मावत नव्हता, मग खेळाने जायचे कुठून?

म्हणून 2000 सालच्या 'फँटसी स्टार ऑनलाइन'ने वेगळी युक्ती काढली. तयार शब्द निवडायचे, ते समोरच्याला त्याच्या भाषेत दिसत. जपानी गड्याचे म्हणणे जर्मन गड्याला कळे. 2001 मध्ये 'एलियन फ्रंट ऑनलाइन'ने त्याच मोडेमवरून आवाज पाठवला, पण तो थोडक्या सेकंदांच्या तुकड्यांत.

मायक्रोसॉफ्टने आधीच निर्णय घेतला होता. एक्सबॉक्सला मोडेम दिलाच नव्हता. 15 नोव्हेंबर 2002 ला सुरू झालेली एक्सबॉक्स लाइव्ह सेवा केवळ ब्रॉडबँडवर चाले आणि तिच्या संचात हेडसेट असे. सोनीच्या प्लेस्टेशन 2 वर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'सोकॉम' हेडसेटसह आला होता. ज्याच्या घरी साधा डायल-अप, तो मात्र दाराबाहेरच राहिला. आपल्याकडे 2004 च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान 256 केबीपीएसची व्याख्या केली, हे ध्यानात घेतले म्हणजे अंतर कळते.

ब्रॉडबँडनेही सगळा प्रश्न सुटला नाही. आवाज दाबून 8 केबीपीएसवर आणला आणि 16 जणांच्या खेळात तो थेट उरलेल्या 15 जणांना पाठवला, तर एकट्या बोलण्यालाच 120 केबीपीएस लागतात. शिवाय प्रत्येक पाकिटावर पत्त्याचा 28 बाइटचा शिक्का. सेकंदाला 50 पाकिटे धाडली, तर एकाच गड्याकडे जाणारे शिक्केच 11.2 केबीपीएस खातात! घरगुती जोडणीत वर जाणारी वाट तेव्हा बहुधा अरुंद असे. म्हणून थोडे थोडे बोलणे एकत्र बांधून पाठवावे लागे. 2004 च्या 'हॅलो 2' मध्ये शेजारी असेल त्याचाच आवाज ऐकू येई, आणि दूरच्या साथीदाराशी बोलायचे तर बटण दाबावे लागे. खेळाला त्याने रंगत आली, आणि वाटेवरचा भार हलका करायलाही असली रीत सोयीची.

मग चित्र आले. 2006 मध्ये एक्सबॉक्स 360 साठी व्हिजन कॅमेरा निघाला, 'उनो' हा पत्त्यांचा खेळ खेळताना समोरच्याचा चेहरा दिसू लागला. पण अनोळखी माणसासमोर चेहरा उघडा करायला सगळेच कसे तयार होतील? कॅमेऱ्यासमोर नको ते चाळे करणारेही निघाले. आवाज टिकला, चेहरा मागे पडला.

आवाजही निरुपद्रवी नव्हता. तोंड उघडताच बाई की पुरुष, लहान की मोठा, कुठल्या मुलखाचा, हे कळते. एक्सबॉक्स लाइव्हमध्ये आवाज बदलण्याची आणि दुसऱ्याला गप्प करण्याची सोय पहिल्यापासून होती, ती उगाच नव्हे. आज तार रुंद झाली आहे, तरी कित्येक बायका अनोळखी गड्यांच्या खेळात माईक बंद ठेवतात. ही अडचण केबीपीएसमध्ये मोजता येत नाही.