तांबड्या लोकरीचे तोफगोळे

खाकी कापडाचा एक लहानसा तुकडा आणि त्यावर शिवलेला तांबड्या लोकरीचा तोफगोळा! अमेरिकेच्या किनारी तोफखान्यांतील सैनिकांच्या बाहीवर एके काळीं असणारीं हीं चिन्हें आज संग्राहक मोठ्या आस्थेनें शोधीत असतात. सोन्यारुप्याच्या पदकांपुढें त्यांचें मोल तें काय, असें प्रथमदर्शनीं वाटावें. परंतु पदक शौर्याचें; हें चिन्ह विद्येचें होतें.

१९०७ सालीं अमेरिकन तोफखान्याचे मैदानी व किनारी असे दोन भाग झाले. किनाऱ्यावरील काम मोठें गणिताचें. जहाज चालतें असतें आणि गोळा पोहोंचावयास कांहीं सेकंद लागतात; म्हणजे तोफ रोखावयाची ती जहाज आहे तेथें नव्हे, तर तें असणार तेथें. यासाठीं एकमेकांपासून दूर दोन निरीक्षक बसत. ठराविक वेळानें घंटा वाजे; त्या क्षणीं दोघेही दुर्बिणींतून जहाजाचा कोन मोजीत व टेलिफोननें कळवीत. आलेखनाच्या खोलींतील सैनिक त्या कोनांवरून फलकावर जहाजाची वाट आंखी. त्याला स्वतःला समुद्र दिसतही नसे! तो चुकला कीं बारा इंची तोफेचा गोळा व्यर्थ पाण्यांत.

हें ज्याला साधे त्याला परीक्षेनंतर चिन्ह मिळे आणि पगारही वाढे. १९०८ च्या कायद्यानें साध्या शिपायाला महिना १५ डॉलर, तर आलेखकाला त्याच्या वेतनावर आणखी ९. गोलंदाजाच्या बाहीवर तोफगोळा असे, पाणसुरुंगवाल्याच्या बाहीवर सुरुंगाची आकृति.

एवढी तयारी ज्या प्रसंगासाठीं, तो अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आलाच नाहीं. २१ जून १९४२ च्या रात्रीं जपानी पाणबुडीनें ऑरेगनमधील फोर्ट स्टीव्हन्सवर गोळे टाकले, तेव्हांही तेथील तोफा हुकुमानें गप्पच राहिल्या. फिलिपाइन्समधील कॉरेजिडॉर बेटावर मात्र त्या धडाडल्या. ६ मे १९४२ रोजीं तें बेट पडलें. १९५० मध्यें हें दलच मोडण्यांत आलें.

आतां उरल्या त्या लोकरी तुकड्यांना कसर लागते आणि नकली माल तर बाजारांत पुष्कळ. अतिनील दिव्याखालीं अलीकडचा धागा बहुधा चमकतो, जुनी लोकर चमकत नाहीं. जाणते लोक हीच परीक्षा करितात. परंतु कांहीं व्यापारी कोटावरून चिन्हें उसवून सुटीं विकतात, हा शुद्ध अडाणीपणा होय. कोटाच्या अस्तरावर कधीं मालकाचें नांव लिहिलेलें असतें; चिन्ह उसवलें कीं फलकापुढें बसलेला तो माणूस कोण, हें मग कोणालाच सांगतां येत नाहीं.