गिटार अ‍ॅम्प्लिफायरमधील गुणगुण

विद्युत गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून वादनाव्यतिरिक्त सलग ऐकू येणाऱ्या खर्जातील आवाजास गुणगुण किंवा हम असे म्हणतात. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने ती प्रामुख्याने ५० किंवा १०० हर्ट्झची असते.

कारणे

ट्रान्सफॉर्मर व वीजतारांच्या चुंबकीय क्षेत्रामुळे पिकअपच्या वेटोळ्यात अनावश्यक विद्युतदाब निर्माण होतो. दोन उपकरणांना वेगवेगळ्या सॉकेटांतून अर्थिंग मिळत असल्यास त्यांना जोडणाऱ्या केबलच्या जाळीतून धारा वाहते. यास अर्थ-लूप म्हणतात. १०० हर्ट्झची गुणगुण बहुधा जुन्या झालेल्या फिल्टर कपॅसिटरमुळे येते.

उपाय

सर्व उपकरणे एकाच बोर्डावर जोडल्यास अर्थ-लूप टळतो. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केलेल्या हंबकर पिकअपमध्ये दोन वेटोळी बाहेरील गुणगुण परस्पर रद्द करतात. तारांचा संकेत मात्र कायम राहतो.

सुरक्षितता

गिटारच्या तारा अ‍ॅम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. त्यामुळे गुणगुण थांबवण्यासाठी प्लगची अर्थ पिन काढणे वादकाच्या जिवावर बेतू शकते. नागपूरसारख्या ठिकाणी कडक उन्हाळ्यात माती कोरडी पडून अर्थिंगचा रोध वाढतो. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालतात.